सुटा ठिपका

भिवपुरी
रविवार, १८ ऑगस्ट

ताई,

झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी, तुझा मुलांचा कोड्यांचा जादा वर्ग सुटता सुटता, आपलं भांडण झालं. शेवटचं वाक्य तुझं होतं.
२. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तू नेहमीसारखा वर्ग घेतलास.
३. सोमवारी स्कूटर घरी ठेवून मी बसने कामाला गेले होते; परत आले तेव्हा तू गेलेली होतीस. आईला सांगून गेलीस, मला नाही.
४. मंगळवारी सकाळी हेल्मेट उचललं तर आत वर्गाची चावी होती. चिठ्ठी नव्हती.
५. पुढच्या रविवारी मुलं विहाराच्या पायरीवर येऊन बसली. मी शेजारची खोली उघडून दिली.
६. अजून उघडून देते आहे.

यात काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तुझा फोन लागतो, तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही होत नाही. पत्रावर खुणा उमटत नाहीत. तू ते वाचलंस की नाही हे मला कळणार नाही, आणि तेच बरं आहे. पत्ता तुझ्या नव्या शाळेच्या वेबसाइटवरून घेतला. फोटोत शाळेमागे बर्फाचा डोंगर दिसतो; मुलांनीही तो माझ्या फोनवर पाहिला. खरा आहे की चिकटवलेला, ते मला ओळखता आलं नाही.

हे पत्र चावीसाठी आहे. ती कोणाकडे द्यायची ते कळव. मी कारखान्यातली दाबमापकं तपासणारी बाई आहे. आठवडाभर खालापूरला काटे बघते आणि कुठला काटा किती चुकतो ते लिहून देते. मुलांना शिकवणं मला येत नाही आणि मी ते करतही नाही. कुलूप काढते, खिडकीपाशी बसते, मुलं गेली की कुलूप लावते.

तुझी कोड्यांच्या कार्डांची दोरी तशीच आहे, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत. कोडं सुटलं की सोडवणाऱ्याने चिमटा काढून कार्ड घरी न्यायचं, हा नियम मुलं पाळतात. तू लावून गेलेल्या कार्डांपैकी थोडीच उरली आहेत. हिरवं अर्थातच आहे. मुलं त्याला ‘म्हातारी’ म्हणतात. वर्ग सुरू झाल्यापासून जागची हललेली नाही म्हणून.

भांडण त्या कार्डावरून झालं, तेव्हा मी ते आज पुन्हा नीट वाचलं. तुझ्या अक्षरात असं आहे: ‘ठिपके काढा. रेघांनी जोडून झाड करा. एकही ठिपका सुटा नको, एकही वेटोळं नको. आता जितके ठिपके तितके अंक घ्या, एकपासून, आणि एकेका ठिपक्याला एकेक द्या. प्रत्येक रेघेवर तिच्या दोन टोकांची वजाबाकी लिहा. एकही वजाबाकी दोनदा यायला नको. असं प्रत्येक झाडाला जमतं का?’

शेवटचा प्रश्न तू बाकीच्या ओळींइतक्याच मोठ्या अक्षरात लिहिला आहेस. त्याचं उत्तर जगात अजून कोणाकडेच नाही, हे कुठे लिहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं.

आज पाऊस एकसारखा होता. धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्या खिडकीखालून सरकत होत्या आणि भाजलेल्या मक्याचा धूर खोलीत येत होता. पाचवीतला ओमकार, तो बोलका, मध्येच उभा राहिला आणि त्याने जाहीर केलं की ताई म्हातारीचं उत्तर आणायला गेली आहे.

‘बर्फात ठेवलंय ते,’ तो म्हणाला. ‘हितं ठेवलं असतं तं वितळलं असतं.’

सगळ्यांना पटलं. मी धुरासाठी खिडकी लावून घेतली.

तेजश्री


रविवार, २२ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. आई म्हणाली, ‘पोस्टात टाकलंस ना नक्की? मग आणखी एक टाक. एकटं पत्र हरवतं गं.’ टपालखात्याबद्दल तिचं हे मत कशावर आधारलेलं आहे ते माहीत नाही, पण मी टाकते आहे.

आज एक नवी मुलगी आली. रिया. लोधिवलीहून इथे मामाकडे राहायला आली आहे, चौथीत आहे. तिला वर्गातल्या किरणने आणलं. मी तुला न्यायला यायचे तेव्हा पायरीवरच थांबायचे, त्यामुळे हा विधी मी आजवर आतून पाहिला नव्हता. किरण उंबऱ्यावर उभी राहिली, रियाचं मनगट घट्ट धरलं आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘हिला मी आणली!’ आतली सगळी एकदम ओरडली, ‘घेतली!’ मगच रियाने पाय आत टाकला. मी तिला आधीच ‘ये, बस’ म्हटलं होतं. ते तिने ऐकलंच नव्हतं. किरणने तिला पढवून आणलं असावं की बाईंच्या ‘ये’ला इथे काही किंमत नाही.

वर्गात कोणी आपलं आपण यायचं नाही, आत असलेल्याने आणायचं, हा नियम तू कशासाठी केलास ते मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

रियाला म्हातारी समजावून द्यायला मुलांनी मला उठवलं. ‘तुमी बसूनच असता,’ ओमकार म्हणाला. मी नदीतले चार गोटे एका रांगेत ठेवले, मधे काड्या. गोट्यांवर खडूने लिहिलं: एक, चार, दोन, तीन. मग काड्यांवर वजाबाक्या: तीन, दोन, एक. एकही दोनदा नाही. रियाने ते बराच वेळ पाहिलं, मग रांग मोडली, एक गोटा मधे आणि तीन भोवती ठेवले आणि मधल्यावर एक लिहिला. भोवती दोन, तीन, चार. वजाबाक्या एक, दोन, तीन. ‘हे तं सोप्पंय,’ ती म्हणाली. सातवीतली जिजा कोपऱ्यातून वर न बघता म्हणाली, ‘सोप्पंच हाय. पुढं जा जरा.’

जिजा या कार्डावर पावसाळाभर बसलेली आहे. बाकीची कोडी तिने सोडून दिली आहेत. तिची झाडं मोठी असतात, फांद्यांना फांद्या फुटलेली.

ओमकारच्या गोष्टीत दर रविवारी भर पडते. आता उत्तर बर्फातल्या एका घरात आहे. घराला दार नाही. ताई रोज त्या घराभोवती फिरते आणि भिंतीवर कान ठेवते. आत उत्तर झोपेत बोलतं. ही आजची भर रियाची. मुलं हे बोलत असतात तेव्हा बाहेर डोंगर धुक्यात गेलेला असतो. वरच्या तलावातून उतरणारे नळ अर्ध्यावरून दिसेनासे होतात, आणि वीजघराची घरघर मात्र चालू असते, जणू पाणी कुठूनच येत नाही आणि तरी पोचतं आहे. अशा वेळी ‘तसं काही नाही’ म्हणायला तोंड उघडत नाही. मी जूनमध्ये ज्या गोष्टीसाठी तुझ्याशी भांडले तीच गोष्ट आता करते आहे, हे माझ्या लक्षात आहे. तू लिहायची गरज नाही.

वर्ग सुटताना ओमकारने विचारलं, ‘मॅडम, तुमाला कोनी आनलं?’

मी म्हटलं, ‘कोणी नाही. चावी माझ्याकडे आहे.’

त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

चावीबद्दल कळव.

तेजश्री


रविवार, १७ नोव्हेंबर

ताई,

मुलांना मी सांगितलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी.

जिजा एक कागद घेऊन माझ्यापाशी आली. अठरा ठिपक्यांचं झाड होतं. खोडून खोडून कागदाला भोकं पडली होती. म्हणाली, ‘हे जमत नाय. हे न जमनारं झाड हाय का? ताई उत्तर घेऊन कवा येनार? मला याचं विचारायचंय तिला.’

काटा चुकतो आहे हे दिसत असताना ‘ठीक’ लिहिता येत नाही. मी म्हटलं, ‘तुझ्या या झाडाला जमतंच. एवढ्या लहान झाडांना जमतं हे संगणकाने एकेक करून तपासलेलं आहे. पण सगळ्या झाडांना जमतं का, ते माहीत नाही.’

‘तुमाला माहीत नाय?’

‘कोणालाच नाही.’

‘म्हंजे ताईलापन नाय येत?’

‘नाही.’

दोरीवरची कार्डं वाऱ्याने हलत होती.

‘मग ती आनायला काय गेली?’ जिजाने विचारलं.

ताई, हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. ओमकारची गोष्ट मोडली की खाली हा प्रश्न आहे, हे मला दिसलं नव्हतं. तू का गेलीस याचं माझ्याकडे एक उत्तर आहे, पण ते तपासलेलं नाही, म्हणून मी दिलं नाही.

ओमकारने विचारलं, ‘मंग बर्फात काय हाय?’

‘बर्फ,’ मी म्हटलं.

मग तो हसायला लागला. ‘म्हंजे आमी आनि ताई सेमच की! तिलापन नाय येत, आमालापन नाय येत!’ लहान मुलं हसली. त्यांना ही चांगली बातमी वाटली, हे मला खरोखर अपेक्षित नव्हतं. तूही मला उलटच सांगितलं होतंस, की कोणालाच येत नाही म्हटलं की मुलं आधीच हात टेकतात. लहानांनी टेकले नाहीत. तू तिथे चुकलीस.

जिजाच्या बाबतीत तू बरोबर होतीस. तिने कागदाची घडी घातली, चप्पल घातली आणि गेली. त्यानंतर ती आली नाही.

काल कर्जतच्या बाजारात तिची आई भेटली, सुरेखाबाई. वालाच्या शेंगा विकत बसली होती. मला बघून तिने पिशवी बाजूला सरकवली आणि मला बसवूनच घेतलं.

‘मॅडम, पोर चुलीम्होरं राखंत ठिपके काढीत बसायची. दोनदा भाकरी करपली. आमी काय बोललो नाय, म्हटलं शिकतेय. आता म्हनते त्याला उत्तरच नाय. नाय ना उत्तर?’

‘नाही. अजून तरी नाही.’

‘मंग ज्याला उत्तर नाय ते पोरांना देता कशाला तुमी?’

जूनमध्ये मी तुला जे म्हटलं तेच वाक्य, शब्दही जवळपास तेच. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझ्याकडे द्यायला तुझंच उत्तर होतं. मी म्हटलं, ‘जिथवर कोणी गेलेलं नाही तिथे मुलं जाऊ शकतात, म्हणून.’ तुझ्यासारखं नाही जमलं. पाठ केल्यासारखं आलं.

सुरेखाबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘जिथं कोन गेलं नाय तिथं पोरीला एकटी धाडता व्हय? तुमीपन जा की तिच्यासंगं.’ आणि मग गिऱ्हाईक आलं म्हणून, ‘सरका जरा, मॅडम.’

मी शेंगा घेतल्या. आईने विचारलं, एवढ्या कशाला. सांगितलं नाही.

या वेळी चावीचं विचारत नाही.

तेजश्री


रविवार, १२ जानेवारी

ताई,

जिजा परत आली आहे. कसं ते सांगते.

तिचं ते अठरा ठिपक्यांचं झाड माझ्या लक्षात होतं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात ते काढून बसायला लागले. संगणकाला विचारलं असतं तर त्याने क्षणात दिलं असतं. विचारलं नाही. का ते विचारू नकोस. बारा-पंधरा कागद झाले. एकही जमला नाही. डबा तसाच राहायचा, आणि काम करताना काटे सोडून कारखान्यामागच्या डोंगरउतारावर लक्ष जायचं. सगळीकडे ठिपके होते. नळांच्या जोडांवर, तारांच्या खांबांवर, संध्याकाळी स्कूटरवरून येताना चौकच्या पुढे पायथ्याच्या वाड्यांमध्ये दिवे लागायचे तिथेही. एका दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत कोणी बाई हातात टॉर्च घेऊन चालत निघाली की मला वाटायचं, रेघ ओढली जाते आहे. आता त्यांतली वजाबाकी किती.

नाताळच्या सुट्टीत मी ते कागद घेऊन जिजाच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवले. तिने ओल्या हाताने वरचा उचलला.

‘हितं सात दोनदा आलाय.’

‘माहीत आहे.’

दुसरा. ‘हितं अकरा.’

‘हो.’

‘हे सगळे चुकलेलेच हायत?’

‘सगळे.’

‘मंग आनलेत कशाला?’

‘तुझेही चुकलेलेच होते ना? म्हटलं दोघींचे एकत्र ठेवून बघू.’

तिने भांडी तशीच ठेवली. आतून तिचे कागद आणले. आम्ही अंगणात ते पसरले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ताटल्या ठेवल्या. तिच्या कुठल्याच कागदावर आणि माझ्या कुठल्याच कागदावर चूक एका जागी नव्हती, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. ती जिजाला दिसली. मला नाही.

‘सगळ्यात मोठा अंक आनि एक, हे शेजारीच पायजेत,’ ती म्हणाली. ‘मधी रेघ पायजेच. नायतं सगळ्यात मोठी वजाबाकी येनारच नाय कुटनं.’

तपासलं. बरोबर आहे. सतरा रेघांवर सतरा वेगळ्या वजाबाक्या हव्यात, म्हणजे एकपासून सतरापर्यंत सगळ्याच यायला हव्यात. आणि सतरा यायची तर अठरातून एकच जायला हवा. आम्ही दोघी ते अंतर कुठेतरी आपोआप येईल या भरवशावर बसलो होतो. ते आपोआप येत नाही. सगळ्यात लांबच्या दोघांना शेजारी बसवावं लागतं.

संध्याकाळपर्यंत झाड जमलं. सुरेखाबाई म्हणाली, ‘भांडी कोन घासनार?’ मी घासली.

पुढच्या रविवारी जिजा उंबऱ्यावर येऊन थांबली. तिला पुन्हा कोणी आणायचं का, यावर थोडा वाद झाला. किरण म्हणाली, एकदा घेतली ती घेतली. मग जिजा आत आली ती एक नवीनच गोष्ट घेऊन. म्हणाली, खोटी झाडं पुरे, आपलं खरं झाड काढू. ज्याने ज्याला आणलं त्या दोघांत रेघ. ते झाडच होणार, कारण प्रत्येकाला कोणीतरी एकानेच आणलेलं आहे, म्हणून वेटोळं नाही, आणि न आणलेला कोणी नाही, म्हणून सुटा ठिपका नाही. ताईपासून सुरुवात.

तू तो नियम यासाठीच केला होतास का?

मुलांनी मागच्या भिंतीवर गेरूने ठिपके काढले आहेत. सगळ्यात वर तू. तुझ्याखाली अक्षय, तू आणलेला पहिला, जो आता आयटीआयला आहे. वर्ग सोडून गेलेली मुलंही घेतली आहेत. ओमकार म्हणाला होता गेलेल्यांना कशाला, तर जिजाने त्याला विचारलं, ‘मंग ताईला पुसू का?’

सगळे मिळून एकवीस ठिपके. आता अंक घालायला घेतले आहेत. मी खिडकीपाशी बसत नाही. जमिनीवर बसते.

तेजश्री


रविवार, १६ मार्च

ताई,

जमलं.

थंडीभर भिंतीवर खडूने अंक लिहिले आणि ओल्या फडक्याने पुसले जात होते. दुपारी उन्हं तिरपी आत यायची आणि पुसलेल्या अंकांची पांढरी धूळ त्या उजेडात तरंगत राहायची. रिया म्हणायची, ते आपले चुकलेले आकडे आहेत, अजून खाली बसलेले नाहीत. आज ते खाली बसले. तुला एक. अक्षयला एकवीस. जिजाला आठ, किरणला सतरा. वीस रेघा, वजाबाक्या एकपासून वीसपर्यंत, एकही दोनदा नाही. मी तीनदा तपासलं. मुलं इतकी ओरडली की विहारात बसलेले धर्माजीकाका काठी घेऊन बघायला आले.

समितीचं काम तेच बघतात. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी दोन्ही खोल्यांना चुना लागतो, हे तुला माहीत आहे. मुलांनी त्यांना विनवलं की झाड राहू द्या, आम्ही ते रंगाने पक्कं करतो. काका चष्मा वर करून बराच वेळ भिंत बघत राहिले.

‘पुरं झालंय?’ त्यांनी विचारलं. ‘पुरं असंल तं ठेवतो. अर्धवट काय भिंतीवर नको.’

‘पुरं झालंय,’ जिजा म्हणाली.

‘नाय झालं,’ ओमकार म्हणाला. ‘मॅडम कुठं हायत त्यात?’

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मला कोणी आणलेलं नाही, मी झाडात येत नाही, झाड पूर्ण आहे. जिजा म्हणाली, ‘दर रवारी हितंच बसता. बसता तं ठिपका हाय. आनि सुटा ठिपका चालत नाय.’ आणि तिने गेरू घेऊन भिंतीवर, कोणापासूनही लांब, एक ठिपका काढला. खाली लिहिलं, बावीस.

मग जे झालं ते तुला जसंच्या तसं सांगते.

जिजा म्हणाली, ‘मी आनते मॅडमना. माझ्या घरी आलेल्या त्या.’ रेघ ओढायच्या आधी तिने वजाबाकी केली. बावीसातून आठ गेले चौदा. चौदा आधीच आहे. किरणने केली. पाच. तीही आहे. मग प्रत्येकाने केली. कोणाचीच बसेना. बसणारच नव्हती. एकपासून वीसपर्यंतच्या सगळ्या वजाबाक्या वापरून झालेल्या आहेत. फक्त एकवीस शिल्लक आहे, आणि बावीसातून एकवीस उरायला एकच ठिपका चालतो. एक. तू.

‘ताईनंच आनलं पायजे,’ रिया म्हणाली.

ओमकारला हे फार आवडलं. ‘सगळ्यात मोठं भांडन त्या दोघींचंच की! म्हनून!’

‘गप रं,’ जिजा म्हणाली.

‘खरंच हाय. मॅडमनी ताईला घालवली, आनि आता त्यांनाच झाडात पायजे.’

‘त्यांना नाय, आपल्याला पायजे. गप बस.’

भांडणाचं त्यांना कसं कळलं ते मला माहीत नाही. आपण पायरीवर उभं राहून भांडलो होतो, तेव्हा कळलं असेल. मी त्यांना चावीचं सांगितलं. हेल्मेटमध्ये ठेवलेली होती, एवढंच. त्यावर सभा बसली.

‘चावी दिली म्हंजे आनलंच की,’ किरण म्हणाली.

‘दिली कुठं? टोपात टाकून गेली.’

‘टोप त्यांचाच ना? मंग त्यांनाच दिली.’

‘हात धरायला पायजे,’ रिया म्हणाली.

‘एवढ्या लांबून हात कसा धरनार गं? ताईचा हात काय ट्रेन हाय?’

‘मंग बोलायला पायजे तरी. तोंडानं. नायतं आपन घेतली कशी म्हननार?’

धर्माजीकाका हे सगळं काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. जाताना म्हणाले, ‘तुमचं ठरंल तवा सांगा. चुना आला की मी थांबनार नाय.’

ताई, दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत.

पहिली. तुझ्याशिवाय जमतच नाही, असं गणित म्हणत नाही. सगळे अंक पुसून नव्याने घातले तर मी जिजाच्या फांदीवरही बसू शकेन. एवढ्या लहान झाडाला ते जमतंच. मी मुलांना तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘पुसायचं? थंडी गेली आमची!’ त्यामुळे हा दबाव आहे असं समजू नकोस. पर्याय आहे, तो फक्त कोणाला नको आहे.

दुसरी. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की शेवटचं वाक्य तुझं होतं, आणि वाक्य लिहिलं नव्हतं. ते असं होतं: ‘तुला इथे बोलावलं कोणी?’ खरंच कोणी बोलावलं नव्हतं. मी पायरीवर स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभी होते, आणि आतल्या मुलांना ऐकू जाईल असं बोलत होते. ते वाक्य बरोबर होतं. तीन दिवसांनी चावी मिळाली. त्या वाक्याला चावी हे उत्तर होतं, की फक्त हेल्मेट समोर होतं म्हणून तू ती त्यात टाकलीस, हे मी गेले नऊ महिने ठरवू शकलेले नाही. दोन्हीला पुरावा सारखाच आहे. ते फक्त तुला माहीत आहे. जगात अजून कोणालाच माहीत नसलेल्या गोष्टींपैकी ही नाही.

म्हणून विचारते. तू परत येणार का, हे विचारत नाही. तू का गेलीस, हेही नाही. ते मुलं विचारतात. माझा प्रश्न एवढाच आहे: मला तू आणलंस का?

‘नाही’ असेल तर तसं लिही. मी तो सुटा ठिपका पुसून टाकेन. एकवीस ठिपक्यांचं झाड पूर्ण आहे, आणि काका तेवढंच ठेवतील. खोली मी तरीही उघडेन. ‘हो’ असेल तर एका ओळीत लिही, पण ती ओळ मोठ्याने वाचता येईल अशी लिही. ओमकार ती उंबऱ्यावर उभा राहून वाचणार आहे, मी बाहेर पायरीवर थांबायचं आहे, आणि आतून ते काय ते ओरडतील. हे त्यांनी ठरवलं आहे, मी नाही.

रंगाचा डबा मी आणून ठेवला आहे. बावीस ठिपक्यांना पुरेल इतका.

मुलं रविवारी, सहा एप्रिलला, रंगवायला घेणार आहेत. शनिवार, पाच एप्रिलपर्यंत मला उत्तर पाठव.

तेजू